पॅरासिटामॉल, यकृत आणि ऑक्सिडेटिव्ह ताण: प्रयोग आणि मोजमापे नीट कशी करावीत

एखादे संयुग 'अँटिऑक्सिडंट आहे म्हणून औषधाच्या विषारीपणापासून यकृताला वाचवते' असे लिहिण्याआधी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, संयुग दिलेल्या प्राण्यात विष तेवढेच तयार झाले होते. दुसरी, नळीत मोजलेला ऑक्सिडेटिव्ह ताण (क्रियाशील ऑक्सिजन-रेणूंमुळे पेशीवर येणारा ताण) प्राण्याच्या यकृतातलाच होता, यकृत बाहेर काढल्यावर आपल्या हातून झालेला नव्हता. या विषयातले बरेच दावे यांपैकी एका ठिकाणी कोसळतात. म्हणून पुढची सगळी मांडणी याच दोन प्रश्नांभोवती आहे.

उदाहरण पॅरासिटामॉलचे घेतले आहे, कारण त्याची साखळी सर्वांत नीट उलगडलेली आहे. १९७३च्या सुमारास मिचेल, जोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखवली. नेहमीच्या डोसमध्ये पॅरासिटामॉलचा मोठा भाग ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडून शरीराबाहेर जातो. थोडा भाग सायटोक्रोम पी४५० कुळातली एन्झाइमे, मुख्यतः २ई१, एका अतिशय क्रियाशील पदार्थात बदलतात. त्याचे आद्याक्षरी नाव एनएपीक्यूआय; प्रयोगशाळेत सगळे 'नॅपकी' म्हणतात. ग्लुटाथायोन, म्हणजे जीएसएच, त्याला पकडून निकामी करते. डोस मोठा झाला की जीएसएच संपते, नॅपकी मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिनांना चिकटते, तिथे सुपरऑक्साइड आणि पेरॉक्सिनायट्राइट हे क्रियाशील रेणू वाढतात आणि पेशी मरतात. या साखळीत ऑक्सिडेटिव्ह ताण नॅपकीच्या नंतर येतो. हा क्रम लक्षात ठेवला तर पुढचे निकाल वाचणे सोपे जाते.

पुढे उंदीर म्हणजे छोटा माउस समजावा. रॅट पॅरासिटामॉलला बराच दाद देत नाही. किलोला एक ग्रॅमहून अधिक देऊनही इजा कमी आणि असमान होते. माणसातल्या विषबाधेशी माउस जास्त जवळचा आहे. रॅटवर काम करून 'रक्षण' दिसले, तर मुळात इजा किती झाली होती हे आधी तपासा.

प्राण्यांच्या गटांची आखणी

प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय काही सुरू करू नका. गटांची संख्या, डोस, वेळा आणि प्राण्याला किती त्रास झाल्यावर प्रयोग थांबवायचा हे सगळे त्या अर्जात आधीच ठरलेले असते.

एकाच लिंगाचे (बहुधा नर), ८ ते १२ आठवड्यांचे, एकाच उपजातीचे उंदीर घ्या. सी५७ब्लॅक६ वापरत असाल तर 'जे' आणि 'एन' उपजाती मिसळू नका. 'जे' उंदरांत मायटोकॉन्ड्रियातले एनएनटी हे एन्झाइम काम करत नाही, आणि आपण जे मोजणार आहोत त्याच्याशीच त्या एन्झाइमचा संबंध आहे. नुसते 'ब्लॅक सिक्स' लिहून मागवलेले प्राणी अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे निघाले तर अख्खा प्रयोग वाया जातो.

किमान गट असे असावेत: फक्त वाहक द्रव (ज्यात संयुग मिसळून देतो तो), फक्त पॅरासिटामॉल, संयुग आधी देऊन मग पॅरासिटामॉल, पॅरासिटामॉल देऊन दीड तासाने संयुग, फक्त संयुग, आणि तुलनेसाठी एन-ॲसिटिलसिस्टीन (या विषबाधेवरचा नेहमीचा उतारा) दिलेला गट. चौथा गट बहुतेक जण गाळतात, पण खरे उत्तर तिथेच असते. दीड तासात नॅपकी तयार होण्याचे बहुतेक काम उरकलेले असते. त्यानंतर दिलेल्या संयुगाने इजा कमी केली, तर ते संयुग नॅपकी बनवणारे एन्झाइम अडवून जिंकलेले नाही एवढे नक्की.

उंदरांना रात्रभर, १२ ते १६ तास, उपाशी ठेवा. पाणी चालू राहू द्या. उपासाने यकृतातले जीएसएच एक तृतीयांश ते निम्म्याने उतरते आणि इजा सगळ्या प्राण्यांत सारखी होते. उपासाची वेळ गटागटांत वेगळी पडली तर तोच फरक 'औषधाचा परिणाम' म्हणून समोर येतो.

पॅरासिटामॉल ०.९ टक्के सलाइनमध्ये मिलीला १५ मिलिग्रॅम या प्रमाणात, ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करून विरघळवा. टोचण्याआधी ते शरीराच्या तापमानापर्यंत निवू द्या, पण त्याखाली जाऊ देऊ नका. खोलीच्या तापमानाला ही तीव्रता विद्राव्यतेच्या काठावर असते आणि स्फटिक पडू लागतात. स्फटिक पडलेल्या सिरिंजमधून शेवटच्या उंदराला मिळालेला डोस पहिल्यासारखा राहत नाही. पोटाच्या पोकळीत किलोला २० मिली द्या, म्हणजे किलोला ३०० मिलिग्रॅम. २५ ग्रॅमच्या उंदराला ०.५ मिली होतात. सिरिंज ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून काम करा. टोचणे झाल्यावर सगळ्या गटांना एकाच वेळी खाणे परत द्या.

वाहक द्रवाचा सापळा

हा मुद्दा थोडा लांबवून सांगण्यासारखा आहे. संयुग पाण्यात विरघळत नाही म्हणून ते डीएमएसओ किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये देण्याची सवय सर्रास आहे. हे दोन्ही द्रव सायटोक्रोम २ई१ ला अडवतात. ते अडले की नॅपकी कमी बनते, जीएसएच संपत नाही आणि यकृत सुखरूप राहते. संयुगाने काहीच केलेले नसते, तरी शोधनिबंधात 'अँटिऑक्सिडंट गुणधर्मामुळे रक्षण' असे छापले जाते.

'आम्ही सगळ्या गटांना तोच डीएमएसओ दिला' हे उत्तर पुरेसे नाही. त्याने तुलना समान होते हे खरे, पण मुळातली इजाच इतकी उतरते की उरलेल्या छोट्या फरकातून अर्थ काढणे अवघड होते. शक्य असेल तर संयुग मिथाइलसेल्युलोजच्या ०.५ टक्के द्रावणात कालवून तोंडाने द्या. डीएमएसओ टाळता येतच नसेल तर त्याचे प्रमाण जमेल तेवढे खाली आणा आणि 'पॅरासिटामॉल अधिक सलाइन' व 'पॅरासिटामॉल अधिक डीएमएसओ' असे दोन वेगळे गट ठेवा. त्या दोघांत फरक दिसला तर डीएमएसओ किती काम करतो आहे हे तिथेच कळते.

तीन वेळा, तीन प्रश्न

प्रत्येक गटातले काही प्राणी अर्ध्या तासाला, काही ६ तासांना आणि काही २४ तासांना घ्या.

अर्ध्या तासाला फक्त जीएसएच पाहायचे. या डोसला निरोगी उंदराचे यकृतातले जीएसएच पहिल्या अर्ध्या ते एका तासातच जवळजवळ तळाला जाते. संयुग दिलेल्या गटातही ते तेवढेच घसरले, तर नॅपकी नेहमीइतकीच बनली असे मानायला आधार मिळतो. पुढे दिसलेले रक्षण नंतरच्या टप्प्यावरचे आहे. संयुगाच्या गटात घसरण कमी झाली असेल, तर बहुतेक वेळा विषच कमी बनले आहे. तिथे 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द वापरण्याआधी नॅपकी-प्रथिन जोड मोजा किंवा सायटोक्रोमची क्रिया तपासा. संयुगाने आधीच जीएसएचचा साठा वाढवून ठेवला असण्याचीही शक्यता आहे. 'फक्त संयुग' गटाचे जीएसएच पाहिले की ते उघड होते.

६ तासांना जीएसएच परत किती भरून आले, मायटोकॉन्ड्रियातला ताण किती आणि एएलटी (इजा झालेल्या यकृतपेशींतून रक्तात येणारे एन्झाइम) किती हे पाहा. २४ तासांना एएलटी आणि मध्यशिरेभोवतीचा मृत पेशींचा पट्टा पाहायचा. नुसत्या २४ तासांच्या जीएसएचवरून ताणाबद्दल काही बोलू नका. तोपर्यंत जगलेल्या पेशींनी साठा परत भरलेला असतो, कधी मूळ पातळीपेक्षाही वर. ती वाढ म्हणजे सावरणे आहे, रक्षण नव्हे.

यकृताच्या जीएसएचला दिवसाची लय असते. त्यामुळे सकाळी सगळा नियंत्रण गट आणि दुपारी सगळा औषध गट असे कधीही करू नका. प्रत्येक गटातला एकेक प्राणी फिरत्या क्रमाने घ्या, आणि पिंजऱ्यावरचा गटक्रमांक झाकून ठेवणारा माणूस मोजमाप करणाऱ्यापेक्षा वेगळा असू द्या.

ऊती काढणे

आधी रक्त, मग जीएसएचचा तुकडा, मग उरलेले यकृत, या क्रमात बदल नको.

रक्त सुईतून जोराने ढकलू नका. लाल पेशी फुटल्या तर एएलटीचा आकडा बिघडतो. प्लाझ्मा वेगळा करून शक्यतो त्याच दिवशी एएलटी वाचा. उणे २० अंशांना गोठवलेल्या नमुन्यात एएलटीची क्रिया उतरते, त्यामुळे ठेवायचेच असेल तर उणे ८० अंशांना, आणि सगळे नमुने सारखेच दिवस.

पोट उघडल्याबरोबर यकृताच्या एका पाळीच्या टोकाला दोरा बांधून सुमारे १०० मिलिग्रॅमचा तुकडा कापा आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाका. मृत्यूपासून गोठण्यापर्यंत एका मिनिटाच्या आत. हा तुकडा धुण्यात वेळ घालवू नका. रक्तातले जीएसएच यकृताच्या मानाने इतके कमी असते की थोडे रक्त राहिल्याने आकडा फारसा हलत नाही, पण तीन मिनिटांच्या उशिराने नक्की हलतो.

उरलेल्या यकृताचे नेमके उलटे आहे. ते धुतलेच पाहिजे. लाल पेशींत कॅटॅलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे एन्झाइम) भरपूर असते आणि हिमोग्लोबिनमधले लोह नळीत लिपिडचे ऑक्सिडेशन वाढवते. प्रवेशिनीत (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेत) सुई घालून, खालची महाशीर कापून, बर्फथंड ०.९ टक्के सलाइन १० ते २० मिली हळूहळू ढकला. यकृत गडद लाल रंगावरून फिकट तपकिरी होईपर्यंत चालू ठेवा. डावीकडच्या मोठ्या पाळीचा एक तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, बाकीचे टिपकागदाने कोरडे करून, तुकडे करून, गोठवा. प्रत्येक प्राण्यात तीच पाळी घ्या.

जीएसएच: एलमनच्या अभिकर्मकाने

गोठलेला तुकडा वितळू न देता थेट आम्लात टाकणे ही या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. साध्या बफरमध्ये वितळवून मग आम्ल टाकले, तर त्या काही मिनिटांत एन्झाइमे आणि हवा मिळून जीएसएचचा मोठा भाग खातात. मग नियंत्रण गटच कमी दिसतो आणि सगळे फरक पुसट होतात.

१०० मिलिग्रॅम तुकडा २ मिली बर्फथंड ५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात टाका. आम्लात १ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन बांधणारे रसायन) असावे. बर्फावर ठेवून होमोजिनाइझ करा (बारीक वाटून एकजीव करा), १० मिनिटे थांबा, ४ अंशांना १०,००० जी वेगाने १० मिनिटे फिरवा. वरचा स्वच्छ द्रव घ्या आणि त्याच दिवशी वाचा.

क्युव्हेटमध्ये वरचा द्रव ०.१ मिली, ०.३ मोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.८५ मिली आणि १० मिलिमोलर डीटीएनबी (हाच एलमनचा अभिकर्मक) ०.०५ मिली. ५ मिनिटांनी ४१२ नॅनोमीटरला वाचा. १५ मिनिटांच्या पुढे नेऊ नका. ब्लँकमध्ये नमुन्याऐवजी ५ टक्के आम्ल, नुसते पाणी नव्हे.

फॉस्फेटचे द्रावण करायला निर्जल मीठ १०० मिलीला ४.२६ ग्रॅम लागते. त्याचा पीएच आम्ल टाकून खाली आणू नका. नमुन्यातले आम्ल मिसळल्यावर मिश्रण पीएच ८ च्या आसपास यावे म्हणूनच ते तसेच वापरायचे असते. हे द्रावण फ्रीजमध्ये ठेवले की तळाला स्फटिक बसतात आणि वरचा द्रव पातळ होतो. मग मिश्रण आम्लधर्मी राहते, पिवळा रंग फिका येतो, आणि 'जीएसएच संपले' असा निष्कर्ष निघतो. बाटली खोलीच्या तापमानाला ठेवा. स्फटिक दिसले तर कोमट करून पूर्ण विरघळल्यावरच वापरा. डीटीएनबी ३९.६ मिलिग्रॅम १० मिली ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७ ला, विरघळवा. द्रावण स्वतःच गडद पिवळे झाले असेल तर टाकून द्या.

हिशेब असा. टीएनबीचा (जीएसएचशी क्रिया होऊन डीटीएनबीपासून बनणाऱ्या पिवळ्या पदार्थाचा) मोलर शोषणांक ४१२ नॅनोमीटरला १४,१५० आहे. ब्लँक वजा करून वाचन ०.१५० आले, तर क्युव्हेटमध्ये १०.६ मायक्रोमोलर. ०.१ मिलीचे २ मिली झाले म्हणून २० ने गुणा: २१२ मायक्रोमोलर, म्हणजे मिलीला ०.२१२ मायक्रोमोल. एकूण आकारमान २.१ मिली, ऊती ०.१ ग्रॅम, म्हणून ग्रॅमला ४.४५ मायक्रोमोल. उपाशी उंदरासाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. ग्रॅमला १ च्या खाली आलेला नियंत्रण गट दिसला तर प्राण्याला दोष देण्याआधी आपले आम्ल आणि आपला वेग तपासा.

जीएसएचचे स्टँडर्ड त्याच ५ टक्के आम्लात, त्याच दिवशी बनवा: ३.०७ मिलिग्रॅम १० मिलीमध्ये म्हणजे १ मिलिमोलर, आणि त्यातून ५० ते ४०० मायक्रोमोलरपर्यंत. २०० मायक्रोमोलरचे वाचन ०.१४ च्या जवळ यायला हवे. ते बरेच कमी आले तर बाटलीतले जीएसएच जुने होऊन ऑक्सिडाइझ झाले आहे.

अर्ध्या तासाच्या विषबाधित नमुन्यात वाचन ०.०२ पर्यंत उतरते. तेव्हा नमुना ०.२ मिली आणि फॉस्फेट १.७५ मिली घ्या. त्याहून जास्त नमुना घालू नका, कारण सोबत येणारे आम्ल पीएच खाली ओढते आणि रंगच पूर्ण उमटत नाही.

दोन मर्यादा लिहून ठेवा. ही पद्धत प्रथिनाबाहेरचे सगळे थायॉल (गंधक-हायड्रोजन गट असलेले रेणू) मोजते, एकटे जीएसएच नव्हे. त्यामुळे एन-ॲसिटिलसिस्टीन किंवा कोणतेही थायॉल असलेले संयुग दिलेल्या गटात 'जीएसएच वाढले' असे या आकड्यावरून म्हणता येत नाही. तिथे टिट्झेची १९६९ची एन्झाइम-पुनर्चक्र पद्धत वापरा. आणि वनस्पतींचे पिवळे अर्क ४१२ नॅनोमीटरला स्वतःच शोषण करतात, म्हणून प्रत्येक नमुन्याचा डीटीएनबीविना ब्लँक वेगळा घ्या.

ऑक्सिडाइझ झालेले ग्लुटाथायोन, म्हणजे जीएसएसजी, मोजायचे असेल तर सुरुवातीलाच एन-इथाइलमॅलेइमाइड टाकून मोकळे थायॉल बांधून टाकावे लागतात. निरोगी यकृतात जीएसएसजी एकूण ग्लुटाथायोनच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास असते. नियंत्रण गटातच ते १० टक्के दिसू लागले, तर ते ऑक्सिडेशन यकृतात झालेले नसून नळीत झालेले असते.

टीबार्स: मॅलॉनडायआल्डिहाइड मोजताना

टीबार्स म्हणजे थायोबार्बिट्युरिक आम्लाशी रंग देणारे पदार्थ. त्यांतला मुख्य मॅलॉनडायआल्डिहाइड, जो स्निग्धाम्ले ऑक्सिडाइझ झाली की बनतो. ओहकावा आणि सहकाऱ्यांची १९७९ची पद्धत अजून सगळीकडे चालते. धुतलेल्या यकृताचे १० टक्के होमोजिनेट करा: १ ग्रॅम ऊती आणि ९ मिली बर्फथंड ०.१ मोलर सोडियम फॉस्फेट बफर, पीएच ७.४, १ मिलिमोलर ईडीटीएसह. जुन्या पद्धतींत १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असते. त्यानेही काम होते, पण पोटॅशियम एसडीएस या साबणासारख्या द्रव्याशी मिळून पांढरा गाळ पाडते. तापवताना विरघळतो आणि बर्फावर थंड करताना परत येतो. सोडियम बफरने ही कटकट टळते. ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये मात्र होमोजिनेट मुळीच करू नका. साखर आम्लात तापली की थायोबार्बिट्युरिक आम्लाशी स्वतःचा रंग देते.

काचेच्या नळीत या क्रमाने घाला:

१. होमोजिनेट ०.२ मिली.
२. २ टक्के बीएचटी (ऑक्सिडेशन थांबवणारे रसायन), इथेनॉलमधले, ०.०४ मिली.
३. ८.१ टक्के एसडीएस ०.२ मिली.
४. २० टक्के ॲसेटिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ३.५ ला आणलेले, १.५ मिली.
५. ०.८ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल १.५ मिली; हे कोमट केल्याशिवाय विरघळत नाही.
६. पाणी घालून ४ मिली.

नळीच्या तोंडावर काचेची गोटी ठेवा आणि ९५ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवा. नळाच्या पाण्याखाली थंड करा. १ मिली पाणी आणि ५ मिली ब्युटेनॉल-पिरिडीन मिश्रण, १५ ला १, घालून जोरात हलवा, ४,००० फेऱ्यांना १० मिनिटे फिरवा, वरचा गुलाबी थर ५३२ नॅनोमीटरला वाचा. पिरिडीनचे काम धूरकपाटातच.

बीएचटी गाळणे ही इथली सर्वांत महागडी चूक. तापवण्याच्या एका तासात ऊतीतली बहुअसंतृप्त स्निग्धाम्ले लोहाच्या मदतीने जोमाने ऑक्सिडाइझ होतात. बीएचटी नसेल तर मोजले जाते ते नमुना किती ऑक्सिडाइझ होऊ शकतो हे, प्राण्यात किती झाला होता हे नव्हे. याहून वाईट म्हणजे संयुग दिलेल्या प्राण्याच्या ऊतीत संयुगाचे अंश उरलेले असतात आणि ते नळीतच बीएचटीचे काम करतात. मग त्या गटाचे टीबार्स सुंदर कमी दिसते. खात्री करायची असेल तर एकाच नियंत्रण होमोजिनेटचे दोन भाग करा, एकात संयुग थेट नळीत टाका. तिथेही वाचन उतरले तर तो आकडा प्राण्याबद्दल काही सांगत नाही.

स्टँडर्डसाठी १,१,३,३-टेट्रामिथॉक्सिप्रोपेन १६.५ मायक्रोलिटर १०० मिली ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात घालून ५० अंशांना तासभर ठेवा. जवळपास १ मिलिमोलर मिळते. नळीला १ ते २० नॅनोमोल असा आलेख काढा. रंगीत संयुगाचा शोषणांक सुमारे १,५६,००० असल्याने ५ मिली थरात १ नॅनोमोलचे वाचन ०.०३१ च्या जवळ यावे. नमुन्याचे वाचन ०.१८६ असेल तर ६ नॅनोमोल. ते २० मिलिग्रॅम ऊतीतले, म्हणून ग्रॅमला ३०० नॅनोमोल. एखाद्या नमुन्याचा ४५० ते ६०० नॅनोमीटरचा पूर्ण आलेख नक्की काढा. शिखर ५३२ ला टोकदार नसून ४५० कडे पसरट चढ असेल तर साखर, बिलिरुबिन किंवा इतर आल्डिहाइडे मिसळलेली आहेत.

पॅरासिटामॉलबाबत आणखी एक. साध्या आहारावरच्या उंदरात या विषबाधेत लिपिड पेरॉक्सिडेशन मुळात थोडेच होते. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये ट्रायक्लोरोमिथाइल मूलक थेट लिपिडवर हल्ला करते आणि तिथे टीबार्स हा मुख्य पुरावा ठरतो. पॅरासिटामॉलमध्ये तो दुय्यम आहे. तिथे मायटोकॉन्ड्रियातले जीएसएसजी आणि नायट्रोटायरोसिन (पेरॉक्सिनायट्राइटची प्रथिनांवर उरलेली खूण) जास्त बोलके असतात. टीबार्स चौपट झाले असे दिसले तर आनंद मानण्याआधी बीएचटीची बाटली पाहा.

कॅटॅलेज

आएबीची पद्धत: हायड्रोजन पेरॉक्साइडचे २४० नॅनोमीटरचे शोषण किती वेगाने उतरते ते पाहायचे. क्युव्हेट क्वार्ट्झचेच लागते.

होमोजिनेट आधी १ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये दसपट पातळ करा, म्हणजे पेरॉक्सिझोममध्ये अडकलेले एन्झाइम मोकळे होते. मग ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरने, पीएच ७.० ला, एकूण ५०० ते २,००० पट पातळ करा. हे शेवटचे पातळ करणे वाचनाच्या अगदी आधी, कारण अशा पातळ अवस्थेत एन्झाइम टिकत नाही. बफरमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम ॲझाइड घातलेले असेल तर तो बफर इथे चालणार नाही. ॲझाइड कॅटॅलेज मारते. 'सगळ्याच गटांत क्रिया शून्य' याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

पेरॉक्साइडच्या बाटलीवर ३० टक्के लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नका, ते पडून पडून विघटित होते. १०० मिली बफरमध्ये सुमारे ०.३४ मिली घाला, मग त्यातले १ मिली आणि बफर २ मिली मिसळून २४० ला वाचा. ०.४३६ यायला हवे, म्हणजे १० मिलिमोलर. नसेल तर कमीजास्त करा.

पातळ नमुना २ मिली, पेरॉक्साइड १ मिली, ३० सेकंद वाचा. ३० सेकंदांत ०.०८ उतरले तर मिनिटाला ०.१६, भागिले ०.०४३६ म्हणजे मिनिटाला ३.६७ मिलिमोलर, ३ मिलीत ११ मायक्रोमोल. नमुना हजारपट पातळ असेल तर क्युव्हेटमध्ये मूळ होमोजिनेट ०.००२ मिली, म्हणून मिलीला ५,५०० एकके. प्रथिन मिलीला १६ मिलिग्रॅम असेल तर मिलिग्रॅमला ३४४. बुडबुडे दिसले आणि वाचन उड्या मारू लागले तर नमुना जास्त दाट आहे. पातळ करा, सरासरी काढून भागवू नका.

एसओडी, थोडक्यात

एसओडी, म्हणजे सुपरऑक्साइडला निकामी करणारे एन्झाइम, मोजायला मार्क्लंड यांची १९७४ची पायरोगॅलॉल पद्धत स्वस्त आणि पुरेशी आहे: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.२, १ मिलिमोलर ईडीटीए, ०.२ मिलिमोलर पायरोगॅलॉल, ४२० नॅनोमीटर. पायरोगॅलॉल १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात त्याच दिवशी बनवा आणि नमुन्याविना वाढ मिनिटाला ०.०२० यावी इतके प्रमाण बसवा. जेवढ्या नमुन्याने हा वेग निम्मा होतो ते एक एकक. सुपरऑक्साइड स्वतः पकडणारे संयुग ऊतीत उरले असेल तर तेही 'एसओडी' म्हणून मोजले जाते. म्हणून नमुन्याचा एक भाग उकळून, एन्झाइम मारून वाचा. उकळल्यावरही वेग दबलेलाच राहिला तर ते एसओडी नव्हे.

प्रथिन आणि आकडेवारी

ट्रायटन किंवा एसडीएस असलेल्या नमुन्यात ब्रॅडफर्ड पद्धत बिघडते, थायॉल असलेल्या नमुन्यात लोरी. प्रथिन नेहमी साध्या बफरमधल्या होमोजिनेटमधूनच मोजा. निकाल ऊतीच्या ग्रॅममागे आणि प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे असे दोन्ही द्या. २४ तासांच्या सुजलेल्या, अर्धमेल्या यकृतात पाणी आणि प्रथिन यांचे प्रमाणच बदललेले असते. दोन आकडे वेगळ्या दिशेला गेले तर ते वाचकाला दिसले पाहिजे.

एका प्राण्याच्या तीन नळ्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. आधी त्यांची सरासरी, मग प्राण्यांची संख्या. एएलटीचे आकडे एका बाजूला लांब शेपूट घेऊन येतात, म्हणून लॉग घेऊन तुलना करा. आणि प्रत्येक बॅचमध्ये एकाच गोठवलेल्या जुन्या होमोजिनेटची एक नळी चालवा. तिचा आकडा बॅचमागे बॅच सरकत गेला तर अभिकर्मक सरकतो आहे.

नळीतली ताकद आणि शरीरातली

डीपीपीएच चाचणी, म्हणजे मिथेनॉलमधल्या ०.१ मिलिमोलर जांभळ्या द्रावणाचा ५१७ नॅनोमीटरचा रंग किती उतरतो ते पाहणे, अर्क निवडायला सोयीची आहे. पण तिचा आकडा प्राण्यातल्या रक्षणाचे कारण म्हणून लिहू नका. बहुतेक पॉलिफेनॉल (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगे) आतड्यात आणि यकृतात ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडले जाऊन रक्तात अगदी कमी प्रमाणात पोचतात, आणि तेही बदललेल्या रूपात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या चाचणीत २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. काचेच्या नळीतले बीटा-कॅरोटीन मात्र चांगले अँटिऑक्सिडंटच आहे.

लिहिताना पद्धतीच्या भागात एवढे नक्की द्या: उपजात, उपासाचे तास, वाहक द्रव आणि त्याचे किलोमागचे मिली, संयुग आधी दिले की नंतर आणि किती वेळाने, अर्ध्या तासाचे जीएसएच, आम्लात घेईपर्यंतचा वेळ, आणि टीबार्सच्या नळीतले बीएचटीचे प्रमाण.